ढगाचा पंचनामा

शामकांतराव नेवासकरांना एका ढगाचा फोटो काढायचा होता. एवढंच. पण ही गोष्ट त्यांनी ज्याला ज्याला सांगितली त्या प्रत्येकाने आधी वर आभाळाकडे पाहिलं, मग शामकांतरावांकडे पाहिलं, आणि दोन्हीकडे काही सापडलं नाही असा चेहरा केला.

ढग अर्थातच साधा नव्हता. मृग नक्षत्राच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण सगळ्यांना माहीत असतो. त्या बाणाच्या जरा खाली आणखी तीन फिकट ठिपके आहेत, आणि त्यांतला मधला ठिपका हा मुळी ताराच नव्हे. तो तेजोमेघ आहे. लांब आभाळात पसरलेला वायूचा उजळ ढग. त्याचा मधला भाग कुणीही टिपतो. शामकांतरावांना हवे होते त्याचे पंख. दोन्ही बाजूंना पसरलेले, इतके पुसट की डोळ्यांना जन्मात दिसायचे नाहीत. पण फिल्मवर चाळीस मिनिटं उजेड साठवला तर उमटतात, असं त्यांनी वाचलं होतं.

शामकांतराव मोजणीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. दिवसभर लोकांच्या बांधांची भांडणं कागदावर उतरवायची, हा त्यांचा धंदा. त्यामुळे जिथे कुणाचा बांध नाही आणि कुणी हरकत घेणार नाही अशी एकच जागा त्यांना आवडायची, ती म्हणजे आभाळ. हरकत घेणार नाही, हा अंदाज मात्र सपशेल चुकला.

दुर्बीण त्यांनी नगरला सावेडीतल्या आपल्या घराच्या परसात स्वतः बनवली होती. तिच्या आरशाची काच घासायला आठ महिने लागले. काच घासायची रीत अशी, की एका जड पिंपावर ती ठेवायची आणि घासत घासत पिंपाभोवती गोल फिरत राहायचं. घरात भांडी घासायला येणाऱ्या भागूबाईने हे दृश्य रोज पाहिलं आणि सगळ्या गल्लीत निरोप पोचवला, “सायेब पिंपाला परदक्षिना घालत्यात. येक शब्द बोलत न्हाईत. बाईसायेब बिचाऱ्या सैपाकघरात बसून ऱ्हात्यात.”

नंतर पत्र्याचं काम करणाऱ्याकडून साडेचार फुटी नळकांडं आलं, तेव्हा शेजारचे काकासाहेब गाडेकर कुंपणापाशी येऊन उभे राहिले. काकासाहेब दारूबंदी खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं जिल्हाभर ओढ्याओढ्याने भट्ट्या हुंगण्यात गेलेली, त्यामुळे शेजारच्या घरात चहा उकळला तरी त्यांचं नाक आपोआप तिकडे वळायचं.

“नेवासकर, हे काय?”

“दुर्बीण आहे, काकासाहेब.”

“अस्सं.” काकासाहेबांनी नळकांड्याच्या दोन्ही टोकांकडे नीट पाहिलं. “आणि पिंप?”

“काच घासायला.”

“काच घासायला पिंप. बरोबर.” ते जायला निघाले आणि अर्ध्यातून परत वळले. “माझं आपलं एक सांगणं. वाफ थंड करायला पाणी लागतं. आणि इथे नळाला पाणी येतं सकाळी दोन तास.”

शामकांतरावांनी हे सुनीतीबाईंना सांगितलं. त्या हसल्या. बायको नक्की कुणाला हसली, हे शामकांतरावांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्या दिवसापासून त्यांचा तिच्यावरही थोडा संशय बसला.

हे सगळं त्यांनी गिळलं असतं. पण दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले नाहीत तोच गल्लीच्या तोंडाशी एक खांब उभा राहिला आणि त्यावर मर्क्युरीचा दिवा लागला. एकोणीसशे एकाहत्तर साल होतं. सावेडीला नुकतेच बंगले उठत होते, आणि असा निळसर पांढरा दिवा म्हणजे मोठी अपूर्वाई होती. गल्लीतल्या बायांनी खांबाला हळदकुंकू वाहिलं. शामकांतरावांनी त्या रात्री फोटो काढला. फिल्म धुऊन आली ती साईच्या दह्यासारखी, काठोकाठ पांढरी.

फोटो स्टुडिओवाल्याने फिल्म उजेडात धरून सहानुभूतीने विचारलं, “साहेब, भिंतीचा फोटो होता का?”

शामकांतरावांनी सरळ मार्ग धरला. तो दिवा रात्री नऊनंतर बंद ठेवावा, निदान त्यावर परसाच्या बाजूने पत्र्याची झापड बसवावी, असा सुवाच्य अक्षरात अर्ज केला.

पहिल्या कचेरीतल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. “दिवा लावण्याचा नमुना आहे आमच्याकडे. दिवा विझवण्याचा नाही.”

“मग साध्या कागदावर घ्या.”

“घेतो. पण कारण? अंधार कशाकरता हवा?”

“तेजोमेघाच्या छायाचित्रणाकरता.”

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. “साहेब, मी लहान माणूस आहे. मला स्पष्ट सांगा. चोऱ्या वाढल्यात का करायच्यात?”

दुसऱ्या कचेरीत कळलं की खांब त्यांचा आहे, पण दिवा त्यांचा नाही. तिसरीत कळलं की दिवा त्यांचा आहे, पण तो ज्या खांबावर आहे तो खांब त्यांचा नाही, आणि तरीही शेजाऱ्यांच्या ना-हरकतीच्या सह्या आणल्या तर ‘वरती पाठवून बघू’. ‘वरती पाठवून बघू’ हे वाक्य शामकांतरावांनी स्वतः वीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. टेबलाच्या ह्या बाजूने ते किती थंड लागतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

सह्या गोळा करायला ते संध्याकाळी कागद घेऊन निघाले आणि पहिल्याच दारात अडले. दार काकासाहेबांचं होतं.

“नेवासकर, बसा,” काकासाहेब म्हणाले. “नोकरीत मी अंधार मागणारी तीन प्रकारची माणसं पाहिली. एक दारू गाळणारा. दुसरा गाळलेली दारू नेणारा. तिसरा त्या दोघांकडून हप्ता खाणारा. तुम्ही चौथे कोण, एवढं सांगा, मी सही करतो.”

“मी फोटो काढणारा!”

“अंधारात?”

शामकांतरावांनी ढगाची सगळी हकिकत सांगितली. चाळीस मिनिटांचा उजेड, पंख, सगळं. काकासाहेब मधे मधे मान हलवत होते. गुन्हेगाराला बोलू द्यायचं, तो आपणच अडकतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. शेवटी त्यांनी विचारलं, “म्हणजे जो ढग डोळ्यांना दिसत नाही तो तुम्ही अंधारात बघणार.”

“हो.”

“नाही जमायचं,” काकासाहेब म्हणाले, आणि कागद परत दिला.

त्याच आठवड्यात गल्लीचा एक अर्ज त्याच तिसऱ्या कचेरीत गेला. त्यावर अठरा सह्या होत्या. तो वरती पाठवायचीही गरज पडली नाही; चार दिवसांत माणसं आली आणि त्यांनी दुसरा दिवा लावला. तो शामकांतरावांच्या परसाच्या कोपऱ्यावर, बरोबर दुर्बिणीच्या डोक्यावर आला. संध्याकाळी तो लागला तेव्हा परसातल्या तुळशीची सावली स्वयंपाकघराच्या भिंतीवर पानापानासकट उमटली. सुनीतीबाई म्हणाल्या, “अहो, आता तांदूळ इथे बाहेरच निवडता येतील.” शामकांतराव काकासाहेबांच्या बंद खिडकीकडे पाहत होते. तिची एक फळी किंचित उघडी होती, असं त्यांचं म्हणणं.

याच सुमारास केसांचं प्रकरण झालं. त्याचं असं, की चाळीस मिनिटं फोटो घ्यायचा तर पृथ्वी फिरते तशी दुर्बीणही हळूहळू फिरवावी लागते. मोठ्या दुर्बिणीला कॅमेरा लावायचा, तिच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण बांधायची, छोटीत डोळा लावून एक तारा बरोबर मध्यावर धरायचा, आणि तो हलायला लागला की हाताने स्क्रू फिरवून परत मध्यावर आणायचा. मध्य कळावा म्हणून छोट्या दुर्बिणीत एक उभी आणि एक आडवी रेघ हवी. दोऱ्याने जाड रेघ होते, तारा तिच्यामागे लपतो. म्हणून शामकांतरावांनी सुनीतीबाईंच्या फणीतून दोन केस काढून घेतले. त्याच दिवशी त्यांनी भागूबाईला विचारलं, “अमावास्या नक्की कधी गं? तुझ्याकडे पाळतात ना?”

भागूबाईने हातातली कढई खाली ठेवली. “का वो सायेब?”

“चंद्र नको आहे मला.”

दुसऱ्या दिवशी भागूबाई कामाला आली ती दारातच उभी राहिली. “बाईसायेब, मी आजपास्नं परसात येनार न्हाई. भांडी आत द्या. आन तुमी तुमच्या येनीला जपा. मालकांनी केस घेतल्यात, आवस इचारत्यात, चांदोबा नको म्हनत्यात. मी लई पाह्यलंय आसलं.”

म्हणजे नोव्हेंबर संपता संपता गल्लीत शामकांतरावांविषयी दोन पक्ष झाले होते. पुरुषांचा पक्ष दारूच्या भट्टीच्या बाजूने होता आणि बायकांचा करणीच्या. तिसरा पक्ष निघायचा होता. तो डिसेंबरच्या तीन तारखेमुळे निघाला.

त्या रात्री युद्ध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी गल्ली काकासाहेबांच्या ओसरीवर रेडिओपाशी जमली होती. शेजारी मोठी लष्करी छावणी असलेलं गाव. रणगाडे मालगाड्यांवरून जाताना लोकांनी पाहिलेले. समोरच्या घरातल्या रतनबाईंचा मुलगा तर रणगाड्यावरच होता आणि त्याचं पत्र येऊन वीस दिवस झाले होते. त्या ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. इतक्यात सायकलवरून दवंडीवाला आला. आजपासून सूर्यास्तानंतर रस्त्यावरचे सगळे दिवे बंद. घरातल्या दिव्यांना काळे कागद लावा. बाहेर काडीसुद्धा ओढू नका.

“वा! बरं झालं!” शामकांतराव म्हणाले.

ते मोठ्याने म्हणाले नव्हते. पण सगळे गप्प असताना हळू बोललेलंसुद्धा लांब जातं. ओसरीवरच्या सगळ्या माना वळल्या. काकासाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. शामकांतरावांना त्या कुणाचंच काही वाटलं नाही. त्यांना लागलं ते रतनबाईंचं पाहणं. त्या रागावल्या नव्हत्या. त्या फक्त, आपण ऐकलं ते खरंच का, अशा बघत होत्या.

शामकांतराव घरी येऊन न जेवता पडून राहिले. “तोंड सांभाळा हो जरा,” सुनीतीबाई म्हणाल्या. “लोकांची पोरं आहेत तिकडे.”

“मला काय युद्ध हवंय का?”

“मला माहिती आहे नकोय. गल्लीला कोण सांगणार?”

दिवे विझले खरे, पण चंद्राला कोण हुकूम देणार? पौर्णिमा नुकतीच झाली होती. पहिले सात-आठ दिवस तो संध्याकाळनंतर वर यायचा आणि दोन्ही दिव्यांचं काम एकटा करायचा. अकरा तारखेला तो उशिरा उगवणार होता तर आभाळ भरून आलं. तेरा तारखेला सगळं जमलं. शामकांतरावांनी थंडीत कानटोपी घालून चाळीस मिनिटं तारा केसांच्या फुलीवर तोलून धरला, मान आखडली, बोटं बधिर झाली. आणि शेवटी कॅमेरा बंद करायला उठले तेव्हा हाताला लागलं, की मोठ्या दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण काढलंच नव्हतं. त्यांनी चाळीस मिनिटं सुनीतीबाईंच्या पिठाच्या डब्याच्या झाकणाचा फोटो काढला होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मोठ्या साहेबांनी त्यांना आत बोलावलं. टेबलावर एक निनावी पत्र होतं. ‘आपल्या कार्यालयातील हेडक्लार्क ना. शा. नेवासकर यांस युद्धाचा आनंद झाला असून ते रोज रात्री परसात तोफेसारखे यंत्र आभाळाकडे रोखून लाल दिव्याने इशारे करतात.’ शामकांतरावांना सर्वांत आधी राग आला तो आद्याक्षरं उलटी लिहिली म्हणून. ते शामकांत नारायण होते. मग बाकीचं डोक्यात शिरलं. लाल दिवा होता. घड्याळ बघायला त्यांनी टॉर्चला पतंगाचा लाल कागद गुंडाळला होता.

“खुलासा द्या,” साहेब म्हणाले. “तीन दिवसांत. नेवासकर, मी तुम्हाला ओळखतो. पण दिवस वाईट आहेत. उद्या बदलीवर भागलं तर नशीब समजा.”

शहाण्या माणसाने त्या दिवशी घरी येऊन दुर्बीण माळ्यावर टाकली असती. सुनीतीबाईंनी तसं सुचवलंही. शामकांतरावांनी विचार केला. ढाक्याला आता पाकिस्तानी फौज शरण येणार, युद्ध दोन-तीन दिवसांत संपणार, असं रेडिओ सांगत होता. संपावं, आजच संपावं, रतनबाईंच्या पोराने घरी यावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, तिथे कुणी बघत नाही अशा समजुतीने, कुणीतरी म्हणत होतं, ‘फक्त उद्याची रात्र.’ त्या कुणाचीतरी त्यांना फार लाज वाटली. पण त्याचं म्हणणं त्यांनी ऐकलं.

“अंधारात बसायला बंदी नाही,” ते सुनीतीबाईंना म्हणाले. “उलट सरकारची तशीच इच्छा आहे.”

पंधरा तारखेची रात्र. साडेनऊ वाजले होते. नगरवर असा अंधार होता की स्वतःचा हात चाचपून बघावा लागे, आणि वर आभाळ असं काही उघडलं होतं की शामकांतराव काही वेळ नुसते उभे राहिले. झाकण काढलंय याची त्यांनी तीनदा खात्री केली. कॅमेरा उघडला. छोट्या दुर्बिणीला डोळा लावला आणि तारा फुलीवर आणला.

एकोणतीस मिनिटं झाली होती. कुंपणापलीकडे पाचोळा वाजला. शामकांतरावांनी मान वळवली नाही. वळवली असती तर तारा सुटला असता. काकासाहेब असणार. बघू दे. मग आणखी एक पाऊल वाजलं, जड, बुटाचं, आणि परसाचं फाटक कुरकुरलं.

“हालू नगा! हात वर करा!”

शामकांतरावांचा एक हात स्क्रूवर होता आणि दुसरा त्या हाताला आधार देत होता. “आणखी अकरा मिनिटं,” ते म्हणाले.

“काय?”

“अकरा मिनिटं थांबा. मग मी दोन्ही हात वर करतो.”

“उठा आदी तितनं!”

“उठलो तर तारा सुटेल हो!”

“कोन सुटंल?”

“तारा!”

“ही तारा कोन? कुटं बांदून घातलीया तिला?” आणि खटका वाजून टॉर्चचा पिवळा झोत परसात पडला. हा झोत दुर्बिणीच्या तोंडाशी गेला की संपलं. अख्ख्या आयुष्यात त्यांनी कुणावर आवाज चढवला नव्हता. त्या रात्री चढवला.

“टॉर्च विझवा! ब्लॅकआउट आहे! कायदा माहीत नाही? नाव काय तुमचं?”

झोत झटकन विझला. “हवालदार गोरक्षनाथ, सायेब,” अंधारातून आवाज आला. तो चांगलाच खाली आला होता. “चुकलंच. पर मी तुमास्नी धरायला आलोय.”

“धरा की. अकरा मिनिटांनी धरा. नऊ राहिली.”

“नेवासकर, पळायचा विचार करू नका,” कुंपणावरून काकासाहेब म्हणाले. “मी इकडच्या बाजूला आहे.”

“काकासाहेब, मी गेला अर्धा तास पापणी हलवलेली नाही. पळतो कुठे?”

आवाज ऐकून सुनीतीबाई मागच्या दारात आल्या. हवालदाराने त्यांना पहिला प्रश्न केला, “बाईसायेब, घरात तारा नावाचं कुनी हाय का?” नाही म्हटल्यावर त्याने सुस्कारा टाकला आणि अंधारात चाचपत तो उलट्या ठेवलेल्या पिंपावर बसला. सुनीतीबाईंनी विचारलं, चहा घेणार का? स्टो पेटवला तर उजेड होईल, असं तो म्हणाला.

समोरून रतनबाई आल्या होत्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या ते कुणालाच कळलं नाही. त्यांचा आवाज आला, “तुमी काय बगताय वो, भाऊ?”

“मृग आहे, बाई,” शामकांतराव डोळा न काढता म्हणाले. “चांगला वर आलाय बघा. चार कोपऱ्यांना चार, मधे तीन.”

“तिकडं बी ह्योच दिसत आसंल? आमचा भीमा हाय तिकडं?”

“हाच. अगदी असाच.”

रतनबाई जरा वेळ वर बघत राहिल्या. “त्यो कसला बगतोय,” त्या म्हणाल्या. “त्यो झोपला आसंल. ल्हानपनापास्नं झोपाळू हाय लई. तोफा वाजल्या तरी न्हाई उटायचा.” आणि त्या हसल्या की रडल्या ते अंधारात कळलं नाही. शामकांतरावांच्या डोळ्यापुढचा तारा मात्र एकदम मोठा आणि पाणीदार झाला आणि फुलीवरून किंचित सरकला. त्यांनी डोळा मिटून उघडला आणि तो परत आणला.

“रतनबाई,” ते म्हणाले, “त्या दिवशी मी म्हणालो ते युद्धाला नव्हतं हो. दिवे जाणार म्हणून होतं.”

“ते कळलं मला मागनं. तुमच्या मालकिनीनं सांगितलं,” रतनबाई म्हणाल्या. “मानूस येडा हाय म्हनल्या, वाईट न्हाई.”

दहा वाजून दहा मिनिटांनी शामकांतरावांनी कॅमेरा बंद केला आणि कबूल केल्याप्रमाणे दोन्ही हात वर केले.

ठाण्यात त्यांना बसवलं आणि फिल्म जप्त झाली. रात्रभर ते बाकावर बसले होते आणि त्यांना एकच काळजी होती: हवालदाराने फिल्मची डबी उघडून बघितली तर? पण गोरक्षनाथने ती सीलबंद करून उशाशी घेतली होती. सकाळी तो स्वतः स्टुडिओत गेला, फिल्म धुऊन होईपर्यंत काळ्या खोलीच्या दाराशी पहारा दिला आणि मोठा फोटो करून आणला. दुपारी ढाक्याची बातमी आली. ठाण्यात पेढे वाटले; बाकावरच्या संशयितालाही एक मिळाला.

संध्याकाळी फौजदारांच्या टेबलाभोवती सगळे जमले. पंच म्हणून काकासाहेब होते. छावणीतून एक तरुण कॅप्टन आला होता. फोटोतलं ठिकाण लष्करी आहे का, ते त्याने सांगायचं होतं. त्याने फोटो उचलला, आडवा धरला, उभा धरला.

“ये हमारा नहीं है,” तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, “उनका भी नहीं है.” आणि सॅल्यूट करून निघून गेला.

तेव्हा कुठे शामकांतरावांना फोटो बघायला मिळाला. मधे उजेडाचा गोळा होता, तो थोडा जास्तच झाला होता. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, धुरासारखे, पण धुराहून ठाम, मोठे वळण घेत गेलेले दोन पंख. पंधराशे वर्षं चालत आलेला उजेड ठाण्याच्या टेबलावर, पेढ्याच्या कागदाशेजारी पडला होता.

“पंचनामा पुरा केला पाहिजे,” फौजदार म्हणाले. “ठिकाणाचं वर्णन लिहावं लागेल. चतुःसीमा सांगा.”

हे काम शामकांतरावांनी आयुष्यात हजारदा केलं होतं. त्यांनी घसा साफ केला. “लिहा. उत्तरेस, तीन ताऱ्यांचा बाण. दक्षिणेस, एक निळसर तारा आणि पुढे ससा नावाची आकृती. पूर्वेस, मोकळी जागा, त्यातून आकाशगंगा वाहते. पश्चिमेस, मृगाचा मागचा पाय.”

“वहिवाट?”

“कुणाची नाही.”

“ठाण्यापासून अंतर?”

“उजेडाच्या वेगाने पंधराशे वर्षं.”

फौजदारांनी टाक थांबवला, वर बघितलं, मनाशी काही हिशेब केला आणि सोडून दिला. मग त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘सदरचे ठिकाण या ठाण्याच्या हद्दीबाहेर असल्याचे निष्पन्न झाल्याने पुढील तपासाची आवश्यकता नाही.’ त्याची एक नक्कल कचेरीतल्या खुलाशाला जोडायला मिळेल, असंही ते म्हणाले. फोटो आणि फिल्म मात्र मूळ कागदांबरोबर फाइलला राहतील. नियम होता.

“पण साहेब, तो माझा...”

“वरती पाठवून बघू,” फौजदार म्हणाले.

काकासाहेब सहीला पुढे झाले आणि फोटोवर वाकले. चष्मा वर केला, खाली केला. नाक अगदी कागदाला टेकेपर्यंत ते वाकले.

“नेवासकर,” त्यांनी शेवटी विचारलं, “पण तिथे चालतं काय?” आवाज तोच होता, छाप्याच्या वेळचा. पण आता त्यात थोडी विनंती होती.

“तारे जन्माला येतात, काकासाहेब. त्या ढगाच्या आत. अजूनही येतायत.”

मग गोरक्षनाथ हवालदार पुढे आला.

“म्हंजी बाळंतिनीची खोली की ही,” तो म्हणाला. “आन तुमी समदे पुरुष मुंडकी घालून बगताय व्हय?”

काकासाहेब चटकन सरळ झाले आणि दोन पावलं मागे सरले. गोरक्षनाथने फोटो दोन्ही हातांनी उचलला, फाइलमध्ये पालथा ठेवला, वर एक कोरा कागद घातला आणि नाडी बांधली. गाठ त्याने जरा सैलच मारली.